मुठीला कडे कशाचे घालावे?

शेतकऱ्याच्या घरात लाकडी मुठीच्या वस्तू किती असतात ते एकदा मोजून पाहावे. विळा, खुरपे, पटाशी, कानस, आसूड, म्हाताऱ्या माणसाची काठी. यादी लांबतच जाते. यांतल्या बऱ्याच वस्तूंच्या मुठीला एक कडे असते. कोणी त्याला शेंबी म्हणतो, कोणी बांगडी, कोणी नुसतेच कडे. पोळ्याला बैलांच्या शिंगांवर आपण पितळी शेंब्या चढवतो, त्याच जातीची ही वस्तू. बैलाची शेंबी बहुधा सणापुरती असते; मुठीचे कडे मात्र बारा महिने राबते. तरीही बाजारात खुरपे घेताना आपण पात्याची धार पाहतो, मूठ हातात धरून पाहतो, भावात घासाघीस करतो आणि कड्याकडे न पाहताच पैसे मोजतो.

कडे शोभेसाठी असते असा आपला समज. शोभा आहे यात शंका नाही. काळ्या मुठीवर पिवळे कडे चमकले की वस्तूला रूप येते. पण कड्याचे मूळ काम वेगळे आहे. लाकूड आडवे सहसा मोडत नाही, ते उभे फाटते. बांबूला कोयता लावला की तो कसा सरळ चिरत जातो, हे सर्वांनी पाहिलेले आहे. खुरप्याच्या पात्याची शेपटी मुठीत ठोकलेली असते. खुरपे जमिनीत दाबले, ढेकूळ उचकटले, की ती शेपटी आतून लाकूड फाकवू पाहते. बाहेरून कड्याची मिठी असते म्हणून मूठ टिकते. कडे निसटले की पहिल्या चिरेपासून मूठ हातात फुटेपर्यंत फार दिवस लागत नाहीत. आणि मूठ फुटते ती नेमकी जोर लावलेल्या क्षणी. तेव्हा पाते कोणीकडे जाईल याचा नेम नसतो.

मी कड्याचा इतका विचार करू लागले ती खुरप्यामुळे नव्हे, मासे धरायच्या गळामुळे. माझ्या सासऱ्यांना सारा गाव नाना म्हणतो, म्हणून मीही नानाच म्हणते. आमचे गाव गिरणेच्या काठी, जळगाव जिल्ह्यात. नानांनी सारा जन्म कपाशी आणि ज्वारी पिकवली. पण सकाळची पाण्याची पाळी आटोपली की ते बांबूची काठी घेऊन डोहावर जाऊन बसत. काठीला दोरा, दोऱ्याला गळ, गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. एखादा मरळ, एखादी वाम, नाहीतर नुसतीच शांतता घेऊन ते घरी येत. आता त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर जवळजवळ गेली आहे. मोतिबिंदू असता तर ऑपरेशन करून दिसू लागले असते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. त्यात साखरेचा आजार. शेतावर जाणे सुटले, पोथी वाचणे सुटले. गळ तेवढा सुटला नाही, कारण गळाला डोळे लागत नाहीत. मासा चिमटा घेतो तो काठीतून हाताला कळतो. नाना म्हणतात, “आते हातच मन्हा डोया.”

सुरतेला नोकरी करणाऱ्या नातवाने आजोबांसाठी नव्या तऱ्हेची फायबरची काठी आणली. तिला दोरा गुंडाळायची चरखी होती, बुचाच्या लाकडाची मऊ मूठ होती आणि मुठीच्या वरच्या टोकाला एक सोनेरी कडे होते. दिसायला फार सुरेख. परंतु ते कडे धातूचे नव्हते. प्लॅस्टिकवर सोनेरी मुलामा चढवलेला होता. दोन महिन्यांत मुलामा पापुद्र्यासारखा सुटला, त्याची कड ब्लेडसारखी वर आली आणि नानांच्या अंगठ्याच्या बेचक्यात घुसली. आपल्यासारख्याची अशी जखम चार दिवसांत भरून येते. साखरेच्या आजारात तसे होत नाही. आरोग्य केंद्रात तीन आठवडे पट्ट्या बदलाव्या लागल्या. हात वाचला, पण घरात प्रश्न उभा राहिला. नानांच्या हातचा गळ काढून घ्यायचा, की गळाची मूठ बदलायची? घरातल्या पुरुषमंडळींचे मत गळ काढून घ्यावा असे पडले. मी म्हटले, ज्या माणसापाशी सकाळी उठण्याचे एवढे एकच कारण उरले आहे, ते कारण एका दोन रुपयांच्या कड्यासाठी काढून घेऊ नका. मूठ बदलू.

माझे माहेर धुळे जिल्ह्यात साक्रीकडे, पांझरेच्या काठी. तिथल्या सुतारकाकांनी जुन्या चौकटीच्या सागाची मूठ करून दिली. साग का, असे विचारले तर म्हणाले, “साग हलका, तेलकट अंगाचा, पाण्यापावसात फार फुगत नाही. अंजन घेतला असता तर नानांचा हात तासाभरात भरून आला असता.” खरेच आहे. अंजन हे आपल्या खान्देशच्या रानातले लाकूड, देशातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक. जिथे वजन हवे तिथे ते चांगले. म्हाताऱ्या मनगटाला नव्हे. मुठीला दोन ठिकाणी कडे हवे होते. एक अगदी वरच्या टोकाला, जिथे फायबरची काठी लाकडात शिरते. तिथे लाकूड पातळ असते, काठी वाकली की सगळा ताण तिथेच येतो आणि पाणीही तिथूनच आत जाते. दुसरे अंगठा टेकतो तिथे, म्हणजे न पाहता हाताला आपली जागा सापडावी. काका म्हणाले, “मूठ मी दिली. कडे कशाचे घालायचे ते तुम्ही घरात ठरवा आणि आणून द्या.”

मग आमच्या घरात एक परात भरली. ज्याला जे सुचले ते त्याने आणून टाकले. लोखंडी पाइपाचा तुकडा, जर्मनची नळी, तांब्याची तार, जुन्या स्टोव्हच्या पंपाचे पितळ, म्हशीच्या शिंगाचे टोक, पीव्हीसी पाइपाचा काप, सुताची गुंडी. पाहता पाहता माझ्या लक्षात आले की यांतल्या बहुतेक वस्तूंचा स्वभाव आम्हा बायकांना आधीच माहीत आहे. भांडी घासता घासता तो कळलेला असतो. फक्त मुठीच्या कामी तो कोणी विचारत नाही.

लोखंड मजबूत, स्वस्त आणि लोहाराकडे हवे तसे मिळणारे. खुरप्याला, विळ्याला ते योग्यच. पण गळाची मूठ पाण्याशी खेळते आणि लोखंड गंजते. शिवाय ओल्या लाकडात लोखंड बसले की त्याभोवती लाकूड काळे पडते. हिरड्याच्या काढ्यात लोखंड टाकून जुन्या काळी शाई करत, ही तीच गोष्ट. लाकडातला तुरट अंश आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. पांढऱ्या सदऱ्याला तो डाग लागला की निघत नाही.

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. वजनाला फार हलके. तेवढ्याच आकाराचे पितळी कडे याच्या तिप्पट भरते. लोखंडासारखा तांबडा गंज त्याला येत नाही. पण जर्मनच्या पातेल्याला हात घासला की हात काळपट होतो, तसाच मुठीवर होतो. ते मऊ असल्यामुळे त्याला पोचे पडतात आणि पोच्याला धार येते. आणखी एक गोष्ट. ॲल्युमिनियमला पितळ किंवा तांबे चिकटवून बसवू नये. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मधे घाम किंवा क्षाराचे पाणी आले की त्यांतला एक धातू दुसऱ्यापायी झिजत जातो. इथे झिजतो तो ॲल्युमिनियम. पांढरी भुकटी दिसू लागली की समजावे, खाल्ले जात आहे. इथे नावाचाही एक घोटाळा सांगून ठेवते. परदेशात बांबूच्या चिरफळ्या जोडून ज्या उंची काठ्या करत आले आहेत, त्यांच्या सांध्यांना ‘जर्मन सिल्व्हर’ची नळी असते. ते आपले जर्मन नव्हे, आणि त्यात चांदीही नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. कणखर आणि सहसा न गंजणारा. नावावर जाऊन कोणी चांदीचा भाव देऊ नये.

तांबे हाताने वळते, विस्तवावर लाल करून सोडले की आणखी मऊ पडते, म्हणून घरी करणाऱ्याला सोपे. त्याचा दोष आपल्याला ठाऊक आहे. आंबट किंवा खारट लागले की त्यावर हिरवा थर चढतो. तळहाताचा घाम खारटच असतो. कडे तांब्याचे असले की बोटावर हिरवट वळ उमटतो. धुतला की जातो, पण जखमेच्या हाताला तो नको.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ. तांब्यापेक्षा कडक, कानशीने छान घासले जाणारे, चकाकी घेणारे. पितळही कळकते, म्हणून तर आपण भांड्यांना आतून कल्हई करतो. मुठीच्या कड्याला कल्हईची गरज नाही. आठ-पंधरा दिवसांनी चिंचेचा कोळ आणि चिमूटभर राख लावून पुसले की पुन्हा सोने. मात्र पितळ कुठून आणता याकडे लक्ष द्या. आमच्या परातीत फवारणीच्या जुन्या पितळी पंपाची नळीही आली होती. अगदी हवी तेवढ्या मापाची. मी ती उचलून बाहेर टाकली. वर्षानुवर्षे कपाशीवर औषध मारलेली नळी कितीही धुतली तरी आतल्या चिरांतून निखळ झाली, अशी खात्री कोण देणार? ती तापवली तर वाफ नाकात जाणार, आणि त्याच हाताने माणूस गळाला कणीक लावून मग भाकरी खाणार. तीच गोष्ट शिशाची. गळाचा दोरा पाण्यात बुडावा म्हणून शिशाचे वजन लावतात. ते मऊ असते म्हणून त्याचीच पट्टी मुठीला गुंडाळायचा मोह होतो. शिसे हे विष आहे. ते हळूहळू अंगात साठते आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला सर्वांत जास्त अपाय करते. जुनी बॅटरी फोडून चुलीवर शिसे वितळवणे तर कधीच करू नये. ज्या मुठीला हात लागतो आणि जी मूठ लेकरू तोंडात घालू शकते, तिथे शिसे नको म्हणजे नकोच.

स्टील टिकाऊ खरे. पाण्याला, घामाला दाद देत नाही. पण घरच्या कानशीला ते सहज दबत नाही. लेथवाल्याकडे जावे लागते. ओल्या हाताला ते निसरडेही लागते.

चांदीचीही गोष्ट निघाली. जळगाव म्हणजे सोन्याचांदीची पेठ. कडे करून देणारा सोनार मिळायला अडचण नव्हती. सासूबाईंनी काही न बोलता लग्नातली झिजलेली जोडवी काढून परातीत ठेवली. नानांनी परातीत हात फिरवला, जोडवी बोटांना लागली तशी ओळखली आणि परत त्यांच्या हातात दिली. म्हणाले, चांदी पायातच बरी, नदीला दाखवायची नाही. ते बोलले त्यात शहाणपणही होते. चांदी मऊ असते, झिजते आणि हवेतल्या गंधकाने काळी पडते. शिवाय मासे धरणाऱ्याची काठी एखाद्या दिवशी हातातून निसटून पाण्यात जाते, हे धरूनच चालायचे असते.

शिंगाचे कडे करण्याची रीत जुनी आहे. आपोआप मेलेल्या म्हशीचे शिंग उकळत्या पाण्यात ठेवले की मऊ पडते, कापता येते, घासले की काळ्याशार आरशासारखे दिसते. उन्हात ते धातूसारखे तापत नाही. पण ते केसा-नखांच्याच जातीचे आहे. तेल-पाणी न करता पेटीत ठेवले तर त्याला किडे लागतात. इथे एक इशारा देणे जरूर आहे. सातपुड्याच्या रानात सांबर-चितळांची गळून पडलेली शिंगे सापडतात आणि मुठीला ती सुंदर दिसतात. ती उचलून आणू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो. जुन्या हस्तिदंताचे तुकडे कोणी विकायला आणले तरी घेऊ नयेत. तो व्यापार आपल्या देशात बंद आहे.

पीव्हीसीचा काप पाहून आधी सगळे हसले. पण जळगाव हे ठिबकचे आणि पाइपांचे गाव. आपल्या बांधावर असे काप पडलेलेच असतात. पाइपाचा तुकडा उकळत्या पाण्यात धरला की मऊ होतो, मुठीवर चढवला की गार होता होता तोच आकार धरून बसतो. किंमत शून्य, गंज नाही. दोष असा की उघड्या उन्हात तो काही वर्षांत ठिसूळ होतो. पाइप जमिनीत गाडतात त्याचे एक कारण तेच. आणि तो मऊ करायला चुलीच्या जाळावर धरू नये. जळत्या पीव्हीसीचा धूर विषारी असतो.

राहता राहिले सूत. कापसाच्या मुलखात कड्यासाठी सुताचा विचार शेवटी सुचावा, ही गंमतच. नदीकाठचे भोई बांधव पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या काठीला दोऱ्याचे घट्ट वेढे देत आले आहेत. बांबू पोकळ असतो. त्याच्यावर धातूचे कडे ठोकून चढवायला गेले तर चढवतानाच तो चिरतो. सुताचा वेढा ठोकावा लागत नाही. एकेक फेर ओढून बसवायचा आणि वरून राळ, लाख किंवा वॉर्निशचे दोन-तीन हात द्यायचे. सूत बोचत नाही, तापत नाही, घसरत नाही. लाल-पिवळ्या दोऱ्याची नक्षी केली तर शोभाही येते.

आता निवड कशी केली ते सांगते. आधी आम्ही सगळे एकच उत्तर शोधत होतो, सर्वांत चांगले कोणते. तसे उत्तर नाही. मुठीवर दोन वेगळ्या जागा असतात आणि त्यांच्या गरजाही वेगळ्या असतात. जिथे लाकूड फाटायला बघते तिथे कणखर मिठी हवी, तिथे धातू. जिथे माणसाचे कातडे तासन्‌तास टेकते तिथे मऊपणा हवा. तिथे सूत, लाकूड नाहीतर शिंग. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांना टेकतो. उन्हात पडलेले पितळ हातात घेऊन पाहा, चटका बसतो. पौषातल्या पहाटे तेच पितळ बर्फासारखे लागते. साखरेच्या आजारात बोटांची जाणीव मंद होते आणि चटका बसलेला कळतही नाही. म्हणून वरच्या टोकाला स्टोव्हच्या पंपाच्या पितळाचे अर्धा इंच रुंदीचे कडे आणि अंगठ्यापाशी सुताचे वीस वेढे, असे ठरले. सुतामध्ये एक जाड दोरा मुद्दाम उंच ठेवला. नानांचा अंगठा तो दोरा शोधतो आणि हात आपोआप बरोबर जागी बसतो.

कडे चढवण्यातही काही गोष्टी जाणून घ्याव्यात. आपल्याला गाडीच्या चाकाची धाव चढवणे आठवते. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल करायची, चाकावर टाकायची आणि पाणी ओतायचे. ती आक्रसून आरे-पुठ्ठे सगळे आवळून धरते. चार फूट व्यासाच्या धावेचा घेर सुमारे साडेबारा फूट असतो. ती पाचशे अंशांनी तापली तर घेर दोन सेंटिमीटरांहून थोडा जास्त वाढतो. म्हणून तिथे ती युक्ती साधते. पण एक इंचाचे पितळी कडे दोनशे अंशांनी तापवले तरी त्याचा व्यास जेमतेम एक दशांश मिलिमीटर वाढतो. लाकूड तर पावसाळ्या-उन्हाळ्यात याहून जास्त फुगते आणि आक्रसते. शिवाय तापलेल्या कड्याने लाकूड जळते आणि जळालेला थर पुढे भुगा होऊन गळतो. तेव्हा लहान कडे तापवून चढवण्यात फार अर्थ नाही. लाकूड किंचित निमुळते करावे, कड्याची जागा कानशीने जरा जरा घासत आणावी आणि कडे हाताने तीन हिस्से चढले की उरलेला एक हिस्सा लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोकावा. मापासाठी दोरा गुंडाळून घेर घ्यावा आणि त्याला बावीस-सप्तमांशाने भागावे, व्यास मिळतो.

हे काम उन्हाळ्यात करावे. तेव्हा लाकूड सर्वांत कोरडे असते. उन्हाळ्यात घट्ट बसलेले कडे पावसाळ्यात आणखी आवळते. पावसाळ्यात बसवलेले कडे चैत्रात बोटाने फिरू लागते. नंतर मुठीला जवसाचे तेल पातळ चोळून पुसून घ्यावे. जवसाचे तेल हवेने वाळून कडक होते आणि पाणी आत शिरू देत नाही; शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, चिकट राहून धूळ धरते. एक मात्र अगदी लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा तसाच टाकून देऊ नका. ते तेल वाळताना आतून उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. ज्या घरात कापूस भरलेला असतो तिथे तर ही चूक परवडणारी नाही. चिंध्या अंगणात पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका.

शेवटी कड्याच्या दोन्ही कडा आतबाहेर कानशीने गोल कराव्यात आणि काचपेपर फिरवावा. परीक्षा सोपी आहे. जुन्या मऊ धोतराचा तुकडा कड्यावरून फिरवायचा. धागा अडकला तर कातडेही अडकेल.

नानांच्या मुठीला आता एक पावसाळा आणि एक उन्हाळा झाला. कडे हललेले नाही, हाताला ओरखडा नाही. पण त्याहून मोठा फायदा आमच्या घरातल्या बायकांना झाला. निंदणीला गेलेल्या बाईच्या हातात दिवसभर खुरपे असते. तिच्या तळहाताला फोड येतात ते पुष्कळ वेळा पात्यामुळे नव्हे, तर ढिल्या कड्यामुळे आणि त्याच्या उभ्या राहिलेल्या कडेमुळे. गळाच्या मुठीपायी एवढा खटाटोप केल्यावर मी घरातली सातही खुरपी काढून पाहिली. तीन कडी ढिली होती, एकाच्या जागी तार गुंडाळलेली होती. लोहाराकडून चार नवी लोखंडी कडी करून घेतली, कडा घासल्या आणि हात टेकतो तिथे सुताचे वेढे दिले. एका सांजेचे काम. त्या हंगामात मजूर बायका आमचीच खुरपी आधी उचलत.

ज्यांच्याकडे कोणी गळ टाकणारे असेल त्यांनी आणखी एक पाहावे. धरणाच्या जलाशयात मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. तिथे विचारूनच बसावे. कोणाच्या पोटावर आपला छंद येऊ नये.

पुढच्या आठवडी बाजारात खुरपे किंवा विळा घ्याल तेव्हा धार पाहण्याआधी दोन बोटांत कडे धरून फिरवून पाहा. ते फिरले तर वस्तू परत ठेवा. मग अंगठा कडेवरून फिरवा. बोचली तर दुकानदाराकडची कानस मागून घ्या, संकोच करू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची काठी आजच हातात घेऊन पाहा. खालची शेंबी झिजून लाकूड दिसू लागले असेल तर ती बदलायला पोळ्याची वाट पाहू नका. बैलाला आपण वर्षातून एकदा सजवतो. माणसाचा हात रोज राबतो.